कोपराच्या फ्रॅक्चरचा टाइप: फिल्म एकच, आकडे वेगळे का?

प्रश्न थोडक्यात असा. खानापूर तालुक्यातला सात वर्षांचा मुलगा झाडावरून पडला, कोपर सुजले. तुम्ही फिल्म पाहून कागदावर ‘गार्टलँड २’ (मुलांच्या कोपराच्या फ्रॅक्चरच्या वर्गीकरणातला दुसरा टाइप) लिहिले. फिल्मचा फोटो बेळगावला पाठवला, तिकडून ‘३’ आले. नातेवाइकांनी तोच फोटो मिरजेला दाखवला, तर तिथले सर्जन ‘२-बी’ म्हणाले. मग या वर्गीकरणाला अर्थ आहे का, आणि आपल्या भागात सर्जनांचे एकमत किती आहे हे मोजायचे तर कसे, असे तुम्ही विचारले आहे.

अर्थ आहे, पण आपण त्यावर जेवढा भार टाकतो तेवढा ते पेलत नाही. आणि तिघांपैकी कोणी तरी कच्चा आहे असे लगेच धरू नका. कोपराच्या बाबतीत मतभेदाचा मोठा वाटा सर्जनच्या डोक्यात नसतो. तो एक्स-रेच्या टेबलावर तयार होतो आणि मोबाइलमध्ये वाढतो.

आधी गार्टलँड घेऊ, कारण तुमचा प्रश्न त्याचाच आहे. १९५९ साली गार्टलँडने मुलांच्या सुपराकॉन्डायलर (दंडाच्या हाडाच्या, कोपराच्या जरा वरच्या) फ्रॅक्चरचे तीन टाइप केले: न सरकलेले, सरकलेले पण मागची कॉर्टेक्स (हाडाचे टणक कवच) बिजागरीसारखी टिकलेली, आणि पूर्ण सुटलेले. विल्किन्सने १९८४ मध्ये त्यात पोटप्रकार घातले, आणि २००६ मध्ये लीचने पुढे आणि मागे दोन्हीकडे अस्थिर असलेला चौथा टाइप जोडला. यातला सगळा वाद दुसऱ्या टाइपच्या दोन्ही कुंपणांवर होतो. तिसरा टाइप चांगल्या फिल्मवर कोणीही ओळखतो. पण मागची कॉर्टेक्स सलग आहे की नाही, हे फक्त खऱ्या लॅटरलवर (बाजूने काढलेल्या फिल्मवर) कळते. हात थोडा जरी फिरलेला असला तरी आतला आणि बाहेरचा कॉलम (दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकाचे दोन खांब) एकमेकांवर चढतात, तुटलेली कड झाकली जाते, आणि ‘३’ चा ‘२’ दिसायला लागतो. कधी उलटेही होते: तिरक्या फिल्ममध्ये शाबूत बिजागरी तुटल्यासारखी भासते. ‘२-ए’ आणि ‘२-बी’ मध्ये तर फरकच फिरण्याचा आहे. फिल्मच फिरलेली असेल तर फ्रॅक्चर फिरले की हात फिरला, हे सांगणार कसे?

म्हणून टाइप लिहिण्याआधी फिल्म तपासा. लॅटरलमध्ये कोपर ९० अंशांत, खांदा, कोपर आणि मनगट एकाच पातळीवर, अंगठा वर. मूल उभे राहिले आणि टेबल खाली असेल तर खांदा वर राहतो आणि दंडाचे हाड तिरके येते. मुलाला बुटक्या स्टुलावर बसवा, नाहीतर हाताखाली पॅड देऊन टेबलाची उंची खांद्याला आणा. फिल्म खरी लॅटरल आहे याची खूण म्हणजे कॅपिटेलमच्या (दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकाचा बाहेरचा गोल भाग) वर दिसणारा डमरूसारखा आकार स्वच्छ, एकेरी रेषांचा हवा. रेषा दुहेरी दिसल्या की परत काढा. एपीसाठी (समोरून काढायच्या फिल्मसाठी) कोपर सरळ आणि तळहात वर लागतो. सुजलेले कोपर सरळ होत नाही, आणि ओढून सरळ करायचे तर मुळीच नाही. अशा वेळी दोन एपी काढाव्यात: एक दंड कॅसेटला टेकवून, दुसरी पुढचा हात टेकवून. वाकलेल्या कोपराची एकच एपी काढली की खालच्या टोकाच्या सावल्या एकमेकांत घुसतात आणि बाउमनचा कोन (कोपर आत-बाहेर वाकडे झाले का हे दाखवणारा) मोजण्याजोगा राहत नाही.

आमच्या सीमाभागातली आणखी एक गंमत, खरे तर डोकेदुखी. आई ‘डावा’ सांगते, टेक्निशियन ‘एडगै’ (कन्नडमध्ये डावा हात) लिहितो, फॉर्म इंग्रजीत असतो, आणि या तीन भाषांमधून जाताना कधी तरी डाव्याचा उजवा होतो. शिशाचा मार्कर कॅसेटवर ठेवूनच एक्सपोजर द्यायला सांगा. नंतर संगणकावर टाकलेला मार्कर हा मार्कर नव्हे.

आता मोबाइल. डीआर (डिजिटल एक्स-रे) मशीनवरून छापलेल्या फिल्ममध्ये बऱ्याचदा दोन चित्रे एका कागदावर बसवण्यासाठी लहान केलेली असतात. चित्र ६० टक्के आकाराचे असेल तर फिल्मवर पट्टी लावून मोजलेले १.२ मिमी म्हणजे खरे २ मिमी. फिल्मच्या कडेला छापलेली मापनरेषा असते तिच्यावरून हिशोब करा, आणि फोटो काढताना ती कापू नका. उलट बाजूला, कोपर डिटेक्टरपासून जितके दूर तितके चित्र मोठे होते: ट्यूब १०० सेंमीवर आणि हाड डिटेक्टरच्या १० सेंमी वर असेल तर सुमारे ११ टक्के वाढ. हे एवढ्यासाठी सांगतो की कोपराची निम्मी वर्गीकरणे ‘२ मिमी’ या एका आकड्यावर उभी आहेत, आणि तो आकडा आपण खिडकीच्या उजेडात धरलेल्या फिल्मच्या फोटोवर, बोटांनी झूम करून ठरवतो. फोटोच पाठवायचा तर फिल्म व्ह्यूबॉक्सवर (फिल्म पाहायच्या उजेडाच्या पेटीवर) लावा, ट्यूबलाइट बंद करा, मोबाइल फिल्मला समांतर धरा, आणि चित्र डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हणजे ते दाबले जात नाही. सीडीतली मूळ फाइल पाठवता आली तर उत्तमच.

मुलांच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी आकड्यात येत नाहीत, पण उपचार बदलतात. पहिली अँटिरियर ह्युमरल लाइन: दंडाच्या हाडाच्या पुढच्या कडेवरून खाली काढलेली रेघ कॅपिटेलमच्या मधल्या तिसऱ्या भागातून जायला हवी. चार वर्षांखालच्या मुलांत ती थोडी पुढून गेली तरी घाबरू नये. दुसरी, आतल्या कॉलमचा चुरा. लॅटरलवर फ्रॅक्चर जवळजवळ ‘१’ वाटते, पण एपीवर आतली बाजू दबलेली असते. प्लास्टरमध्ये ठेवलेले हे कोपर पुढे वाकडे होते, आणि कागदावर मात्र ‘टाइप १’ असते. तीन सर्जन त्याला एकमुखाने ‘१’ म्हणाले तरी तिघेही चुकलेलेच. एकमत आणि अचूकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे नीट दिसते.

हेच दुसऱ्या ठिकाणी. २००६ साली जर्नल ऑफ बोन अँड जॉइंट सर्जरीमध्ये प्रौढांच्या दंडाच्या खालच्या टोकाच्या फ्रॅक्चरवर एक अभ्यास आला होता. त्यात त्रिमितीय सीटीने निरीक्षकांचे एकमत सुधारले, पण निदानाची अचूकता तेवढी सुधारली नाही. थ्री-डी चित्र सुबक असते, सगळ्यांना एकच गोष्ट दिसते. पण सॉफ्टवेअर पृष्ठभाग गुळगुळीत करताना बारीक चिरा पुसून टाकते, आणि त्या चिरा कोणालाच दिसत नाहीत. म्हणून थ्री-डी पाहून योजना करा, पण बारीक काप पाहिल्याशिवाय टेबलावर जाऊ नका. काप १ मिमी किंवा त्याहून पातळ हवेत. ३ मिमीच्या कापात २ मिमीची पायरी शोधणे म्हणजे चाळणीने पीठ मोजणे. सॅजिटल (बाजूने दिसणारी) आणि कोरोनल (समोरून दिसणारी) चित्रे कोपराच्या अक्षावर करून मागा. टेबलाच्या अक्षावर आलेली उपयोगाची नसतात. कोरोनॉइड (पुढच्या हाताच्या अल्ना या हाडाचे कोपराच्या पुढच्या बाजूचे टोक) पाहायचा असेल तर दंडाचे हाड वगळून केलेले थ्री-डी मागा.

प्रौढांत कोणत्या वर्गीकरणावर किती भरवसा ठेवायचा, याचा एक साधा ठोकताळा आहे: चौकटी जितक्या जास्त, एकमत तितके कमी. एओ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या पद्धतीत दंडाच्या खालच्या टोकाचे ए, बी, सी असे तीन टाइप, त्यांचे नऊ गट आणि सत्तावीस उपगट होतात. ‘सांध्याबाहेर, अर्धवट सांध्यात की पूर्ण सांध्यात’ या तीन उत्तरांवर सर्जन बऱ्यापैकी जुळतात. उपगटापर्यंत गेलात की चिठ्ठ्या टाकल्यासारखे होते. कामाचा प्रश्न एकच असतो: सांध्याचा पृष्ठभाग दोन तुकड्यांत आहे की अनेक? म्हणजे सी-१ किंवा सी-२, की सी-३. भूल दिल्यावर हात हलका ताणून काढलेली ट्रॅक्शन फिल्म इथे सीटीइतकी नाही, पण खूप मदत करते. तालुक्यात सीटी नसेल तेव्हा हीच हाताशी असते.

रेडियल हेडमध्ये (पुढच्या हाताच्या बाहेरच्या हाडाचे कोपराकडचे गोल डोके) मेसनचे तीन टाइप (१९५४), जॉन्स्टनने १९६२ मध्ये कोपर निखळल्याचा चौथा जोडला, आणि ब्रोबर्ग-मॉरे यांनी १९८७ मध्ये ‘२ मिमी सरकलेले आणि पृष्ठभागाचा ३० टक्के भाग’ अशी मोजपट्टी दिली. मोजपट्टी आल्याने वाद संपायला हवा होता. झाले उलटे: हेड गोल, फिल्म सपाट, त्यामुळे ३० टक्के कोणाला २० वाटतात तर कोणाला ४०. नेहमीच्या लॅटरलमध्ये कोरोनॉइड हेडवर चढतो. ट्यूब खांद्याच्या दिशेने ४५ अंश तिरकी करून रेडिओकॅपिटेलर फिल्म काढली की हेड मोकळे दिसते. ही फिल्म फारशी कोणी मागत नाही, मागायला हवी. पण एक आणि दोन यांच्यातला खरा निवाडा फिल्मवर होतच नाही. बाहेरच्या बाजूला लॅटरल एपिकॉन्डाइल (दंडाच्या हाडाचा बाहेरचा उंचवटा), रेडियल हेड आणि ऑलेक्रेनॉनचे (कोपराच्या मागे हाताला लागणाऱ्या हाडाचे) टोक यांच्या त्रिकोणात सुई घालून साचलेले रक्त काढा, तिथेच सुमारे ५ मिली १ टक्का लिग्नोकेन (बधिर करणारे औषध) द्या, दहा मिनिटे थांबा आणि हात फिरवून पाहा. दुखणे गेल्यावरही एका ठिकाणी खटकन अडतो का? अडत असेल तर फिल्मवर १ मिमी असला तरी तुकडा आड येतो आहे. हॉचकिसने नंतर केलेली विभागणी याच अडथळ्याकडे बघते, आणि ती मला जास्त व्यवहारी वाटते.

ऑलेक्रेनॉनचे मेयो वर्गीकरण सरळ आहे, त्यावर फार शब्द घालवत नाही. सरकले का, कोपर स्थिर का, चुरा आहे का. यातला तिसरा प्रश्न पैशाचा आणि धातूचा आहे: चुरा नसेल तर टेन्शन बँड (तारेने आवळणे), असेल तर प्लेट. चुऱ्यावर टेन्शन बँड आवळला की तुकडे दबून सांध्याची खाच आखूड होते.

कोरोनॉइडवर मात्र थांबायला हवे. रेगन-मॉरे (१९८९) उंचीवर जातात: टोक, निम्म्यापर्यंत, निम्म्याहून जास्त. लॅटरलवर पाहिले, टाइप दिला, एकमतही छान. पण ही मोजणी एकाच दिशेने होते. आतल्या बाजूच्या अँटिरोमीडियल फॅसेटचा तुकडा लॅटरलवर चिमुकला दिसतो आणि ‘१’ म्हणून सोडून दिला जातो. ओड्रिस्कॉलने २००३ मध्ये टोक, अँटिरोमीडियल (पुढचा-आतला) आणि बेसल (बुडाचा) असे भाग केले ते याचसाठी. एपी फिल्मवर आतल्या बाजूची सांध्याची फट बाहेरच्या मानाने अरुंद, पाचरीसारखी दिसली की सीटी करा. हा हात दिसायला निखळलेला नसतो, वेदनाही बेताची असते, आणि सोडून दिला तर थोड्याच काळात सांधा झिजतो. कॅपिटेलमचेही असेच: लॅटरलवर एका कमानीऐवजी दोन कमानी दिसल्या तर तुकडा ट्रॉक्लियापर्यंत (शेजारच्या आतल्या भागापर्यंत) गेला आहे. एकच दिसते का दोन, याच्यावर चीर कुठून द्यायची हे ठरते.

आता मोजण्याकडे. ‘दहापैकी आठ वेळा आमचे जुळते’ हे मोजमाप नव्हे, कारण नुसत्या योगायोगानेही पुष्कळ जुळते. त्यासाठी कप्पा (kappa) नावाचा आकडा वापरतात: प्रत्यक्ष जुळणीतून योगायोगाची जुळणी वजा करायची आणि उरलेल्या शक्य जुळणीने भागायचे. समजा शंभर फिल्मवर दोघांना विचारले, ‘२ मिमीपेक्षा जास्त सरकले का?’ चाळीसवर दोघे हो, चाळीसवर दोघे नाही, वीस वेळा मतभेद. प्रत्यक्ष जुळणी ०.८०, योगायोगाची ०.५०, म्हणून कप्पा ०.३० भागिले ०.५०, म्हणजे ०.६०. आता दुसरे रुग्णालय घ्या, जिथे बहुतेक वाईट फ्रॅक्चरच येतात: अठ्ठ्याहत्तरवर दोघे हो, दोनवर दोघे नाही, दहा-दहा वेळा एक हो दुसरा नाही. जुळणी तीच ०.८०. पण दोघेही ८८ टक्के वेळा ‘हो’ म्हणतात, म्हणून योगायोगाची जुळणी ०.७८८८, आणि कप्पा जेमतेम ०.०५. सर्जन तेच, टक्केवारी तीच, कप्पा कोसळला. तालुक्यातला आणि मोठ्या रुग्णालयातला कप्पा शेजारी ठेवून कोण हुशार हे ठरवू नका. आधी फिल्मचे मिश्रण पाहा.

लँडिस आणि कॉक यांनी १९७७ मध्ये दिलेल्या पट्ट्या सगळे वापरतात: ०.४१ ते ०.६० मध्यम, ०.६१ ते ०.८० भरीव, त्यावर जवळजवळ पूर्ण. या पट्ट्या त्यांनी स्वतःच सोयीसाठी आखलेल्या, दगडावरची रेघ नव्हे. सुधारित गार्टलँडवर २००१ साली झालेल्या अभ्यासात वेगवेगळ्या निरीक्षकांत ०.७४ आणि त्याच माणसाने परत पाहिल्यावर ०.८४ आला होता. म्हणजे दहातल्या एखाद्या फिल्मवर माणूस स्वतःशीही जुळत नाही. तुमच्या ‘२’ वर बेळगावहून ‘३’ येणे यात बसते.

तुम्हाला करायचे असेल तर असे करा. एका वर्षातल्या लागोपाठच्या ५० फिल्म घ्या. पुस्तकी, सुंदर तेवढ्याच निवडल्या की कप्पा फुगतो. नाव, गाव, रुग्णालय आणि आधी लिहिलेला टाइप झाकून टाका. तीन वाचक पुरेत, पण एक अथणीकडचा, एक निपाणीकडचा, एक बेळगावचा असा वेगवेगळ्या ठिकाणी शिकलेला घ्या. एका युनिटमधले तिघे एकमेकांच्या चुकाही जुळवून ठेवतात. व्याख्येचा एक कागद सर्वांना द्या, त्यात ‘सरकलेले’ म्हणजे कुठून कुठे मोजायचे हे रेखाटून दाखवा. सगळ्यांनी मॉनिटरवरच पाहावे. चार ते सहा आठवड्यांनी क्रम बदलून पुन्हा वाचायला द्या. वर्ग चढत्या क्रमाचे असतील तर वेटेड कप्पा काढा, कारण ‘१’ ला ‘२’ म्हणणे आणि ‘१’ ला ‘३’ म्हणणे ही सारखी चूक नाही. प्रत्येक फिल्मसमोर आणखी दोन रकाने ठेवा: फिल्म खरी लॅटरल आहे का, आणि तुम्ही काय कराल, प्लास्टर की पिनिंग (तारा घालून हाड धरणे). बहुतेकदा टाइप जुळत नाही तिथेही उपचार जुळतो, आणि तोच रकाना रुग्णाच्या कामाचा.

५० पेक्षा कमी फिल्म घेऊ नका. वरच्या पहिल्या उदाहरणासारखा ०.६० आला, तर ५० फिल्मवर त्याची ९५ टक्के मर्यादा (खरा आकडा बहुधा ज्यात असेल तो पल्ला) सुमारे ०.३८ ते ०.८२ अशी पसरते. २० फिल्मवर ती ०.२५ ते ०.९५ होते, म्हणजे काहीच कळले नाही.

हाडवैद्याकडून आलेले रुग्ण या यादीत मिसळू नका, वेगळे ठेवा. चोळून, लेप लावून, कामट्या बांधून दहा-बारा दिवसांनी आलेल्या मुलाच्या फिल्मवर नवे हाड धरायला लागलेले असते आणि कॉर्टेक्स सलग होती की नाही हे त्याखाली बुजते. ही वर्गीकरणे ताज्या फ्रॅक्चरसाठी आहेत. लेप पुसून मगच फिल्म काढा, वाळलेल्या लेपाच्या सावल्या तुकड्यासारख्या दिसतात.

आणि रेफरल चिठ्ठीवर नुसता आकडा लिहू नका. निपाणीचा रुग्ण कोल्हापूरला जातो, अथणीचा मिरजेला, चंदगडचा उलट बेळगावला येतो, आणि प्रत्येक ठिकाणी ‘२’ चा अर्थ किंचित वेगळा. त्याऐवजी एवढे लिहा: ‘उजवे कोपर, सुपराकॉन्डायलर, एक्स्टेन्शन प्रकार. लॅटरल खरी आहे, मागची कॉर्टेक्स सलग. ह्युमरल लाइन कॅपिटेलमच्या पुढून जाते. एपीवर आतल्या बाजूला चुरा. रेडियल नाडी लागते, बोटे गुलाबी. अंगठा-तर्जनीचे गोल कडे जमते. स्लॅब ४० अंशांत, वेळ सायंकाळी ६.’ आकडा हवा तर शेवटी कंसात घाला. मिरजेच्या सर्जनला तो पटला नाही तरी त्याचे काही अडणार नाही.